कुरडया राखता राखता

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, दोघंही इंग्रजी शाळेत. तुम्ही नवराबायको नोकरीला. सुट्टी सहा आठवड्यांची. त्यातले बारा दिवस आमच्या वाईजवळ आजोळी, बाकीचे पुण्यात सातव्या मजल्यावर. सोसायटीत 'निसर्ग आणि वाचन' असं दहा दिवसांचं शिबिर भरणार आहे, फी नऊ हजार. शिवाय फेब्रुवारीतच तुम्ही पंधरा पुस्तकांचा संच मागवलात आणि त्यातलं एकही पुस्तक अजून उघडलं गेलेलं नाही. मुलांना शिबिराला घालू का, आणि त्या पुस्तकांचं काय करू, असं विचारलं आहे तुम्ही.

शिबिराचं झटकन सांगते. दोन तास मुलं नजरेखाली राहतील एवढ्यासाठी घालायचं असेल तर खुशाल घाला. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. नोकरदार आईबापांची सुट्टीत काय तारांबळ उडते ते मी पाहिलं आहे. पण त्यातून मुलं झाडंपाखरं बघायला लागतील, वाचायला लागतील, ही आशा ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की वेळ सकाळी दहा ते बारा. मे महिन्यात दहा वाजता पाखरंसुद्धा सावलीला जाऊन गप्प बसतात. मग पोरांना सभागृहात बसवून कागदाची फुलपाखरं कापायला लावण्यापलीकडे ताई-दादा तरी काय करणार?

पुस्तकांचं मात्र सविस्तर लिहावं लागेल. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गेले अकरा उन्हाळे आमच्या पडवीत गल्लीतली पोरं जमवते. पाटी नाही, फी नाही. दोन लोखंडी कपाटं पुस्तकं, एक माठ आणि बाहेर कृष्णेपर्यंत जाणारी वाट.

पहिल्या वर्षी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चुका केल्या. प्रत्येकाला 'निसर्गवही' दिली, आत रकाने आखून दिले: दिनांक, पक्ष्याचे नाव, रंग, अन्न. चौथ्या दिवशी अठराच्या अठरा वह्यांत एकच साळुंकी, एकच किडा खाताना. एकाने बघितली होती, सतरा जणांनी उतरवून घेतली होती. वर 'सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस' हेही जाहीर करून ठेवलेलं. एका पठ्ठ्याने दहा दिवसांत एकेचाळीस पुस्तकं संपवली. बक्षीस देताना विचारलं, "यातली आवडली कुठली?" तो म्हणाला, "बाई, बारीकवाली." डी.एड.ला मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात जे घडलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

शेजारच्या काकूंनी कुरडया घातल्या होत्या. कुरडई म्हणजे काय प्रकरण असतं ते तुमच्या आईला विचारा: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं, चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर पसरलेल्या धुवट धोतरावर कुरडया पाडायच्या. एवढ्या खटाटोपानंतर कावळ्यांनी डल्ला मारला तर काकूंचा जीव जायचा. म्हणून नातू राखणीला. वय दहा. जिन्याच्या सावलीत बसलेला, हातात काठी, जवळ माझ्याकडून नेलेला 'किशोर' मासिकाचा जुना अंक. तो त्याने वाचायला नव्हे, ऊन आलं की डोक्यावर धरायला नेला होता, हे मला नंतर कळलं. जोडाक्षर दिसलं की थांबणारा मुलगा. पुस्तक म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धावत आला. "बाई, कावळा कुरडई इथं खातच नाही. घेऊन जातो. दर वेळी त्याच आंब्यावर."

"मग?"

"मग काय? सांगितलं फक्त."

तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. "त्या आंब्यावर तिसरा कावळा आला की हे दोघं त्याला हाकलतात. कावळा कावळ्याला का हाकलतो?"

तिसरा कावळाच आहे कशावरून, मी विचारलं. काळा आहे म्हणून. डोळे बघितलेस का? नाही. चोच? नाही. गेला परत. संध्याकाळी आला तो जिना चढतानाच ओरडत: "डोळे लाल आहेत! चोच हिरवट आहे! शेपूट लांब आहे! आणि बाई, तो कुहू करतो!"

त्या क्षणी सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. जन्मभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते शिक्षकालाच कळेल. पण गप्प बसले आणि कपाटातून विश्वकोशाचा खंड काढून त्याच्यापुढे ठेवला. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली इथं वाईतच चाललं, त्यामुळे त्या जाडजूड खंडांची आमच्या गावात कुणाला फारशी धास्ती नाही. पोरांसाठी सोपा 'कुमार विश्वकोश' आहे, पण त्या दिवशी हाताला लागला तो थोरांचाच. पोराने कोकिळावरची नोंद बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक जोडाक्षराला ठेच खात वाचली. पाऊण तास लागला. मध्ये एकदा पाणी प्यायला उठला, तेही खंडात बोट तसंच ठेवून.

"म्हणजे ती तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची आहे ती याची बायको. मी तिला वेगळंच पाखरू समजत होतो." थोडं थांबून म्हणाला, "आणि गातो तो नर. मग सगळे 'कोकिळा गाते' असं का म्हणतात?" मीही तीस वर्षं वर्गात तेच म्हणत आले होते.

नंतर त्याला मी एकच गोष्ट आपणहून सांगितली. कावळ्याच्या घरट्यात घातलेली कोकिळेची अंडी बारा-चौदा दिवसांत फुटतात, कावळ्याची फुटायला सोळा ते वीस दिवस लागतात. म्हणजे पाहुणा आधी बाहेर येतो आणि पहिला घास त्याचा. आणि कोकिळासाठी संस्कृतात एक शब्द आहे, परभृत, दुसऱ्याने पोसलेला. जोडाक्षरांना भिणारं ते पोर मग आठवडाभर गल्लीत दिसेल त्याला परभृत म्हणत हिंडलं. सुट्टीला राहायला आलेल्या मावसभावाला तर हमखास. (तो आता बारावीला आहे, कॉमर्सला. पक्षितज्ज्ञ वगैरे होणार नाही. पण काही अडलं की शोधून वाचतो.)

तर ताई, तुमचा संच पडून आहे याचं कारण मुलं आळशी आहेत हे नाही. त्या पंधरा पुस्तकांत ज्या प्रश्नांची उत्तरं आहेत ते प्रश्न मुलांना अजून पडलेलेच नाहीत. तहान लागण्याआधी पाणी पुढे केलं की मूल तोंड फिरवतं. आधी डोळ्यांनी काहीतरी बघितलेलं, त्यातलं काहीतरी न कळलेलं, आणि मग हाताशी पुस्तक. एवढा क्रम सांभाळलात तर बाकी फार काही करावं लागत नाही.

हे माझंच डोकं नाही. सलीम अलींची गोष्ट आठवून बघा. मुंबईतलं दहा-बारा वर्षांचं पोर, छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. काकामामांपैकी एकाने, म्हणजे मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी, त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली, संस्थेतले पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखवले आणि पक्ष्यांवरची काही पुस्तकं वाचायला दिली. ही १९०८ ची गोष्ट. पोराच्या हातात आधी मेलेली चिमणी होती, पुस्तकं तिच्या पाठून आली. उलट करून बघा: मिलार्डसाहेबांनी नुसतीच पुस्तकं घरी धाडली असती तर?

आणि आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर जे केलं तेही याच जातीचं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. कुरणशाळा म्हणायचे तिला. मोजायला दगड आणि बिया, वर्गाला झाडाची सावली. माझी पडवी म्हणजे त्याची धाकटी, लाडावलेली बहीण.

आता दिवस कसा घालवायचा ते. वेळापत्रक करू नका, मे महिनाच ते करून देतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ बाहेर. त्यातला निम्मा वेळ एकाच झाडाखाली, आणि रोज त्याच झाडाखाली. पुण्यात तुमच्या फाटकाबाहेर गुलमोहर असेल, बहावा असेल, ताम्हण असेल. नशीब असेल तर जांभूळ. नाव माहीत असण्याची गरज नाही. उलट माहीत नसलेलं बरं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल, ही माहिती पहिल्याच दिवशी मुलांच्या कानात ओतू नका. ती मे महिन्याच्या अखेरीला सापडली तर जास्त गोड लागते. पहिले दोन दिवस मुलगी म्हणेल, इथे काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग दिसेल. चौथ्या दिवशी ती रांग कालच्या वाटेनं का जात नाही, असं विचारेल. तेव्हा तुम्ही तोंड मिटून धरायचं.

बहाव्याबद्दल एक म्हणणं आहे, की तो फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस. खरं का खोटं, हा वाद घालू नका. पहिला घोस दिसला त्या दिवसाची तारीख मुलीला कॅलेंडरवर लिहू द्या आणि पहिला पाऊस येईल तेव्हा मोजू द्या. मोसमी पाऊस मुंबईत यायची नेहमीची तारीख ११ जून, पुण्यात त्याच्या आगेमागेच. वळवाची सर धरायची की मोसमीची, याच्यावर तुमच्या घरात भांडण झालं तर उत्तमच. असलं भांडण मिटवायला पुस्तकच उघडावं लागतं.

अकरा ते चार घरात. ही वेळ पुस्तकाची, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतंच. आमच्या लहानपणी दुपारी बाहेर पडलं की उन्हाची भीती घालायचे आणि घरात दंगा केला की वडीलधारी झोपमोड झाली म्हणून फटका द्यायचे. मग उरायचे पत्ते आणि पुस्तक. आता तिसरा भिडू आलाय तो मोबाईल. त्याच्याविरुद्ध भाषण करून उपयोग नाही. दुपारी दोन ते चार घरातले सगळे फोन, आजोबांचा धरून, फडताळात. सगळे म्हणजे सगळे. आजोबा बातम्या बघत असतील तर नातू पुस्तक उघडणार नाही, मग तुम्ही कितीही डोकं आपटा. मुलं "कंटाळा आला" म्हणतील. म्हणू द्या. पहिली वीस मिनिटं फार वाईट जातात, मग कुणीतरी काहीतरी उचलतं.

पाखराचा आवाज ऐकून नाव सांगणारी ॲप आली आहेत, चांगली आहेत, मीही वापरते. पण मुलांच्या हातात ती सर्वांत शेवटी द्या. नाव कळलं की मूल बघायचं थांबतं. "भारद्वाज? बरं." झालं, संपलं. त्याऐवजी आजीला विचारू दे. एकाच भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी सोनकावळा, कुणी कुकुडकोंबा. पोरं चक्रावतात, आणि मग पुस्तकातलं चित्र बघून खात्री करून घ्यावीच लागते.

तुमच्या मुलीचं मराठी अडखळतं, ही तुमची खरी काळजी आहे असं मला पत्रावरून वाटलं. सुट्टीत तिला शुद्धलेखन लिहायला बसवू नका, हात जोडून सांगते. एक पान तुम्ही मोठ्याने वाचा, एक ओळ तिने. आठवड्याने एक परिच्छेद तिचा. चूक झाली तर पुढे जा. अर्थ अडला तरच मागे या. झाडाबद्दल, किड्याबद्दल तिला इंग्रजीतून वाचायचं असेल तर वाचू दे, त्यात कमीपणा नाही. नावं मात्र आजोळहून मराठीत येतील, आणि ती एकदा आली की मागून वाक्यंही येतात. चीक, निवळणं, सोऱ्या, वाळवण, हे शब्द तिला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या गच्चीवर लवकर कळतील. वास आणि चटका घेऊन आलेला शब्द सहसा विसरत नाही.

सहा वर्षांच्या बाबाला पुस्तक वाचायला लावायचंच नाही. त्याला वाचून दाखवायचं. आणि त्याला आजोळी एक काम द्या. जुन्या घरांच्या वळचणीला, जिथे पाऊस लागत नाही अशा भुसभुशीत मातीत, नरसाळ्याच्या आकाराचे छोटे छोटे खड्डे दिसतील. करंगळी मावेल एवढे. शेजारी पालथं पडून बघायचं, श्वास रोखून, कारण श्वासानेसुद्धा माती घसरते. एखादी मुंगी काठावर आली की तिच्या पायाखालची माती सरकते. ती वर चढू लागली की खड्ड्याच्या तळातून कुणीतरी तिच्यावर मातीचा मारा करतं. दोन-तीन मारे, मुंगी तळाला, आणि एक बारीकसा चिमटा तिला ओढून घेतो. पुस्तकात याला मुंगीसिंह म्हणतात. ती अळी असते, तिला उलटंच चालता येतं, आणि पंख फुटून बाहेर येईपर्यंत ती शी करत नाही. हे शेवटचं वाक्य सहा वर्षांच्या मुलाला सांगून बघा, दिवसभर घरात दुसरा विषय निघणार नाही. मोठेपणी ती चतुरासारखी दिसते, फक्त मिशा लांब आणि टोकाशी जाड. एवढा एक किडा त्याला चार दिवस पुरेल.

पुण्यातल्या सातव्या मजल्याची हळहळ तुम्ही फार केली आहे. कढीपत्त्याची कुंडी आहे का? नसेल तर आणा, नाहीतर लिंबाचं रोप. त्यावर फुलपाखरं अंडी घालतात, सातव्या मजल्यावरसुद्धा येतात. लहान अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून आपण ती झटकून टाकतो. झटकू नका. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते; हलकेच बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास येतो. दोन-अडीच आठवड्यांत कोष, आणि त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी फुलपाखरू. आमटीला कढीपत्ता मिळणार नाही, तेवढं सोसा. उन्हाळ्यात आली नाही तर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वाट बघा. पाखरांसाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला, आणि कोण किती वाजता येतं ते मुलगी बघेल. फळ्यावर लिहून ठेवा म्हणू नका. वाटलं तर ती आपण होऊन लिहील.

आता त्या संचाकडे येऊ. त्यातली बारा पुस्तकं कपाटात वर ठेवून द्या, मुलांना दिसणार नाहीत अशी. तीनच बाहेर, आणि तीही पडलेली, रचलेली नव्हेत. एक जेवणाच्या टेबलावर, एक खाटेखाली, एक न्हाणीघराच्या दाराशी. दहा दिवसांनी अदलाबदल. सगळी निसर्गाचीच हवीत असंही काही नाही. भुतांच्या गोष्टी, चोर-पोलिसांच्या, विनोदी, जे उचलेल ते वाचू द्या. अर्धवट टाकलं तर टाकू द्या. आपणही टाकतोच की.

आणखी पुस्तकं विकत घेऊ नका, एवढ्यात तरी. 'किशोर' १९७१ पासून निघतोय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्या लहानपणचा एखादा अंक काढून मुलीला दाखवा, मजा येईल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं आहेत, सोपी ते अवघड अशा चार पायऱ्यांत, तीही फुकट; धाकट्यासाठी तिथूनच घ्या. विश्वकोशही आता संकेतस्थळावर आहे, पण मला विचाराल तर छापलेला खंड मांडीवर घेऊन बसण्यात वेगळी गंमत आहे. एक शोधायला जावं आणि शेजारची नोंद वाचत बसावं, हे पडद्यावर होत नाही. आणि वाईला येणारच आहात तर पसरणीचा घाट चढून एक दिवस भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं हे गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायचं आणि वाचायचं. बालसाहित्याचं घर विचारून घ्या. मुलांना तिथे सोडून तुम्ही दुसऱ्या घरात जा, त्यांच्या मानेवर बसू नका.

एक गोष्ट लाजत लाजत सांगते. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या कुंपणाच्या जाईत बुलबुलाने घरटं केलं होतं. मी हौसेनं सगळ्या पोरांना दाखवायला नेलं, एकेकाला उचलून. तीन गुलाबी, ठिपक्यांची अंडी. दुसऱ्या दिवशी बुलबुल आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्यामुळे?" मी हो म्हणाले. तेव्हापासून नियम आहे: घरटं दिसलं की पंधरा पावलं मागे, फोटो नाही, बोट दाखवणं नाही. मोकळ्या माळावर टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली तर पायाखाली बघत आल्या वाटेनं परत फिरायचं, कारण तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि दगडांत दिसत नाहीत. काजव्यांच्या जत्रेलाही म्हणूनच मी पोरं नेत नाही. मेअखेरीस घाटात गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचे झोत घेऊन झुंबड उडते; बिचारे काजवे अंधारात चमकून जोडीदार शोधत असतात, त्यांना अंधारच मिळत नाही. आजोळी रात्री नऊला अंगणातला दिवा घालवून बसा. दहा दिसले तरी पुष्कळ.

बाकी काळजी तुम्ही घ्यालच. अनवाणी नाही, दगड उलटताना बोटं खाली घालायची नाहीत, काठीने उलटायचा. आग्या मोहोळ दिसलं तर तिथून निमूट निघायचं. गुंजा, धोतरा, कण्हेर, एरंड तोंडात घालायचं नाही हे धाकट्याला चार वेळा सांगा. गुंज दिसायला सुंदर आणि चावली तर विषारी. विहिरीवर पोहायला मोठं माणूस असल्याशिवाय नाही, मग मामा कितीही म्हणू दे.

येण्याची तारीख तुम्ही अजून ठरवलेली नाही असं दिसतं. जमलं तर ११ मेच्या आत या. वाईत ११-१२ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. पुण्यात हेच १३-१४ मेला, मुंबईत आणखी एक-दोन दिवसांनी, नागपुरात थेट २६ मेच्या आसपास. म्हणजे घाई केलीत तर एकदा वाईत आणि, परतीचा बेत तसा केलात तर, एकदा पुण्यात, अशी तीच सावली मुलांना दोनदा गायब होताना दिसेल. बारा वाजून वीस मिनिटांनी अंगणात पाण्याचा पेला पालथा ठेवा आणि बसून राहा. टोपी घालून. इथे दोन दिवस आधी आणि तिथे नंतर का, हे मुलगी विचारेलच. सांगू नका. माझ्याकडे पृथ्वीचा गोल आहे, थोडा पोचलाय एका बाजूने, पण अक्षांश दिसतात. नकाशाचं पुस्तकही आहे. तिला दुपारी पडवीत पाठवा.

जुलैच्या शेवटी सूर्य परत जाताना पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही. म्हणून मेच.

संच बरोबर आणू नका. वह्याही नकोत. दोन टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि मळले तरी चालतील असे कपडे. काकू यंदाही कुरडया घालणार आहेत, दहा तारखेच्या पुढे. नातू मोठा झाला, आता राखणीला बसायला लाजतो. माणूस कमी आहे.